हजयात्रेकरू आणि ग्राहकाचा हक्क

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सरपंच, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्राहकाच्या हक्कांविषयी बोलावयाचे म्हटले की, भेसळीचे खत, न उगवलेले बियाणे आणि मापात मारलेले रॉकेल हीच उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी मुद्दाम एका वेगळ्या ग्राहकाविषयी बोलणार आहे. हा ग्राहक बहुधा आयुष्यात एकदाच खरेदी करतो. त्या खरेदीसाठी तो तीस-तीस वर्षे पैसा साठवितो, आणि फसला तरी तोंड उघडीत नाही. तो म्हणजे हजयात्रेकरू होय.

गेल्या वर्षी एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. त्यांना आम्ही सारेच चाचा म्हणतो. आले होते दुसऱ्याच कामाला; बोलता बोलता यात्रेचा विषय निघाला. त्याच्या आदल्या वर्षी ते चाचींसह एका खाजगी यात्रा कंपनीतर्फे हजला जाऊन आले होते. छापील पत्रकात निवासस्थान ‘हरमपासून पायी पाच मिनिटांवर’ असे म्हटले होते. प्रत्यक्षात ते डोंगराच्या चढावर, पाऊण तासाच्या वाटेवर निघाले. चाचींचे गुडघे दुखरे. एका खोलीत सहाजण. मिना येथे तंबूत जागा अपुरी म्हणून चाचांनी दोन रात्री बाहेर सतरंजीवर काढल्या. मी विचारले, “चाचा, आपण तक्रार का केली नाही?” ते म्हणाले, “साहेब, अल्लाच्या घरी जाऊन आलो. आता तक्रार कशाला?”

मित्रहो, ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. हजच्या काळात भांडणतंटा करू नये, सबुरी राखावी, अशी धर्माचीच शिकवण आहे. यात्रेकरू ती मनोभावे पाळतो. आणि लबाड व्यावसायिक नेमका तिचाच आधार घेतो. परत आल्यावर खजूर व झमझमचे पाणी घ्यायला शेजारीपाजारी जमतात. त्या आनंदाच्या प्रसंगी खोली गळकी होती, जेवण शिळे होते, हे कोण सांगणार? शिवाय पैसे घेणारा उपदलाल पुष्कळदा नात्यातला, निदान ओळखीचा असतो. परिणामी पुढच्या वर्षी त्याच दलालाकडे गावातले आणखी चारजण जातात.

येथे हेही ध्यानी घेतले पाहिजे की, इतर सेवेतील उणीव पैशाने भरून निघते, ह्या सेवेतील नेहमीच निघत नाही. हजचे विधी ठरलेल्या तिथींना, ठरलेल्या स्थळी करावे लागतात. जिल्हज महिन्याच्या ९ तारखेला अराफातच्या मैदानावर उपस्थिती घडली नाही, तर हज होतच नाही. बस वेळेवर आली नाही, हे आपल्या दृष्टीने गैरसोयीचे; यात्रेकरूच्या दृष्टीने जन्माचे नुकसान. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या, खाजगी यात्रा कंपन्यांसंबंधीच्या एका प्रकरणात २०१२ साली न्यायालयाने हीच बाजू विशेषत्वाने मांडली होती. अव्यवस्थेमुळे एखादा विधी राहून गेला, तर यात्रेकरू आयुष्यभराची बचत तर गमावतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हजच गमावतो, असा त्या निवेदनाचा आशय होता. (हजसाठीचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश ह्याच निकालातला. त्याचा गवगवा झाला. यात्रेकरूंविषयीचा हा भाग मात्र मागे पडला.)

हा प्रश्न आजचा नाही, आणि आपल्या मुंबईशी त्याचा जुना संबंध आहे. आगबोटींच्या काळी हिंदुस्थानातून मक्केला जाण्याचे प्रमुख द्वार मुंबई हेच होते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले भाबडे यात्रेकरू बंदरावर उतरले की दलालांच्या हाती सापडत. कित्येकांचा पैसा मुंबईतच संपे आणि तेथूनच त्यांना घरी परतावे लागे. त्यांना थट्टेने ‘बंबईचे हाजी’ म्हणत. ह्या दलालांना परवाना सक्तीचा करणारा यात्रेकरू संरक्षण कायदा मुंबई इलाख्यात १८८७ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने वाहतुकीचे काम थॉमस कुक ह्या नामांकित प्रवासी कंपनीकडे सोपविले होते. परंतु ती व्यवस्थाही काही वर्षांतच गुंडाळली गेली. समुद्रावरील हाल तर विचारूच नका. १८८० साली ‘जेद्दा’ नावाची आगबोट साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू घेऊन सिंगापूर-पिनांगकडून निघाली. वादळात बोटीत पाणी शिरताच कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी होडीत बसून निसटले, आणि बोट बुडाल्याची वार्ता त्यांनी एडनला दिली. पाठोपाठ तीच बोट दुसऱ्या जहाजाच्या मदतीने यात्रेकरूंसह एडनला येऊन पोहोचली! एवढ्या अपराधाबद्दल कप्तानाचा दाखला अवघी तीन वर्षे तहकूब झाला.

पुढे १९२७ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हज समिती नेमण्यात आली. १९३२, १९५९ व २००२ ह्या सालांच्या कायद्यांनी ती व्यवस्था आजच्या हज कमिटी ऑफ इंडियापर्यंत आली. आगबोटींचा प्रवास १९९५ साली थांबला. दलाल मात्र थांबला नाही, त्याने फक्त बंदर सोडून तालुक्याच्या बाजारपेठेत दुकान थाटले.

आज यात्रेकरूस दोन मार्ग आहेत. एक हज कमिटीचा, दुसरा अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी झालेल्या खाजगी आयोजकांचा. २०२५ साली भारताच्या पावणेदोन लाखांच्या कोट्यापैकी सुमारे ५२ हजार जागा खाजगी आयोजकांकडे होत्या. सौदी अरबस्तानातील करार व भरणा मुदतीत पूर्ण न झाल्याने त्यांतील बहुतेक जागा हातच्या गेल्या. शासनाच्या प्रयत्नांनंतर १० हजार जागांपुरते द्वार पुन्हा उघडले. उरलेल्यांत पैसे भरून, नातेवाइकांचा निरोप घेऊन बसलेली माणसे होती. उमराहची यात्रा तर हज कमिटीमार्फत होतच नाही; तेथे सारा व्यवहार खाजगी कंपनीच्या भरवशावर असतो.

आणखी एक धोका जिवावरचा आहे. काही दलाल हजचा परवाना नसताना केवळ भेटीच्या व्हिसावर माणसे पाठवितात. अशा यात्रेकरूस ना वातानुकूलित तंबू, ना बस. २०२४ सालच्या कडक उन्हाळ्यात हजच्या वेळी १,३०१ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील ८३ टक्के विनापरवाना आलेले होते, असे सौदी शासनाने जाहीर केले. इजिप्तने त्यानंतर १६ प्रवासी कंपन्यांचे परवाने रद्द केले. ‘कोट्याविना स्वस्तात हज’ असे जो सांगेल, त्याच्या दारी आपल्या गावचा माणूस जाता कामा नये.

आता कायद्याविषयी. खाजगी कंपनीस मोबदला देणारा यात्रेकरू हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने ग्राहक आहे. तक्रार त्याला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत वा हैदराबादेत असले तरी बिघडत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि सबुरीत ती हां हां म्हणता निघून जाते. पैसे घेऊन मुळात नेलेच नाही, तर ती फसवणूक. तिची फिर्याद पोलिसांकडे द्यावी. पूर्वी ज्याला ४२० म्हणत, ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. मासिक हप्त्यांच्या ‘उमराह योजना’ चालवून बुडविणाऱ्यांना १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदाही लागू होऊ शकतो. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनी आहे.

पण कायद्याला कागद लागतो. चाचांची अडचण तेथेच होती. उपदलालाने निम्मी रक्कम रोख घेतली आणि शाळेच्या वहीच्या पानावर ‘हजबाबत मिळाले’ एवढेच लिहून सही केली. कंपनी म्हणाली, ह्या इसमास आम्ही ओळखत नाही! सुदैवाने उरलेली निम्मी रक्कम धनादेशाने थेट कंपनीच्या खात्यात गेली होती आणि ते छापील पत्रक चाचींनी कपाटात जपून ठेवले होते. तेवढ्या आधारावर आम्ही तक्रार मुदतीत दाखल केली. ती अजून आयोगापुढे आहे.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. यात्रेचे अर्ज सुरू झाले की नोंदणीकृत आयोजकांची मंत्रालयाने प्रसिद्ध केलेली यादी पंचायतीच्या फलकावर लावा. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या विश्वस्तांकरवी ती वाचून दाखविता आली तर अधिक चांगले. शिक्षकांनी करार वाचून द्यावा: इमारतीचे नाव, हरमपासूनचे अंतर मिनिटांत नव्हे तर मीटरमध्ये, खोलीत किती माणसे, मिनातील तंबू, कुर्बानी धरली आहे की वेगळी, रद्द झाल्यास परतावा किती. रक्कम बँकेतूनच, आणि कंपनीच्याच नावे. चाचा आज मागच्या रांगेत बसले आहेत. वहीचे ते पान त्यांनी बरोबर आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी अवश्य पाहावे.