कोरी जागा आणि शून्य



आज बोलायचं आहे ते हायस्कुलातल्या सांख्यिकीविषयी, आणि त्या विषयात मुलांना गुण कसे द्यावेत याविषयी. सांख्यिकी हे नाव जरा जड आहे. पण विषय आपल्या घरचाच आहे. ‘यंदा एकरी उतारा किती पडला?’ असं आपण पारावर विचारतो, तेव्हा सांख्यिकीच बोलत असतो.

2018 साली दहावीची गणिताची नवी पुस्तकं आली. बीजगणिताच्या पुस्तकात संभाव्यता आणि सांख्यिकी हे पाठ आले. त्या वेळी बीजगणिताला 40, भूमितीला 40 आणि शाळेने द्यायचे 20, अशी गुणांची वाटणी होती. शाळेच्या हातच्या गुणांत शिक्षकाची खरी परीक्षा असते. तिथे आपण काय मोजतो, तेच मुलं महत्त्वाचं मानतात.

माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. नववीच्या वर्गाला मी काम दिलं होतं: वस्तीतल्या वीस घरी जा, जनावरं किती ते विचारा, तक्ता करा आणि सरासरी काढा. वह्या आल्या. बहुतेकांचे तक्ते स्वच्छ आखलेले, वीसच्या वीस आकडे भरलेले. एका मुलीच्या तक्त्यात मात्र सतराच आकडे. तीन जागी तिने लिहिलं होतं, ‘माहिती मिळाली नाही’. काम अपुरं म्हणून मी तिला दहापैकी सहा गुण दिले, आणि बाकीच्यांना दहा.

दुसऱ्या दिवशी वर्गात तक्ते वाचू लागलो. त्या वस्तीतलं एक घर वर्षभर कुलूपबंद होतं. घरची माणसं पोटासाठी बाहेरगावी गेलेली. आणि आमच्या नीटनेटक्या वह्यांनी त्या घरात दोन म्हशी बांधून ठेवल्या होत्या! मुलं हसली, पण मला हसू येईना. खोट्याला दहा आणि खऱ्याला सहा, असा न्याय मीच केला होता. त्या मुलीने सरासरी काढतानाही विसाने नव्हे, सतराने भागलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘गुरुजी, त्या घरी जनावरं नाहीत असं कुठं कळलंय? कळलंच नाही, तर शून्य कसं लिहू?’’

शिक्षकहो, या एका वाक्यात निम्मी सांख्यिकी आहे. शून्य हे मोजून मिळालेलं उत्तर आहे; कोरी जागा म्हणजे अजून न मिळालेलं उत्तर. मी सर्व वर्गादेखत तिचे गुण दुरुस्त केले.

आता हाच नियम आपल्या गुणपत्रकाला लावून पाहा. दहा-दहा गुणांच्या चार चाचण्या झाल्या. एका मुलाला 8, 7 आणि 9 गुण पडले. एका चाचणीला तो सोयाबीनच्या काढणीमुळे गैरहजर होता. त्या जागी शून्य मांडलं, तर 24 भागिले 4, म्हणजे सरासरी 6. दिलेल्या तीनच चाचण्या धरल्या, तर सरासरी 8. पोरगा तोच, डोकं तेच. फरक फक्त आपल्या लेखणीचा. तुम्ही म्हणाल, मग मुलं मुद्दाम दांडी मारतील. ही शंका रास्त आहे. म्हणून कोरी जागा कोरीच सोडायची नाही. पंधरा दिवसांत फेरचाचणी घ्यायची, आणि हा नियम वर्षारंभीच फळ्यावर लिहून सांगायचा. नियम आधी सांगितला तर तो न्याय वाटतो. मागाहून सांगितला तर शिक्षा वाटते.

दुसरी गोष्ट उत्तराच्या अर्थाची. समजा, पाच शेतांचा एकरी उतारा 2, 2, 3, 3 आणि 10 क्विंटल आला. मध्य म्हणजे सरासरी येते 4. मध्यक येतो 3. पाचांपैकी चौघे सरासरीच्या खालीच! विहिरीच्या पाण्यावरच्या एका शेताने आकडा वर ओढला. आता एका मुलाने नुसतं ‘4’ लिहिलं. दुसऱ्याची बेरीज चुकून उत्तर 4.2 आलं, पण रीत बरोबर, आणि खाली लिहिलं, ‘एका शेतामुळे सरासरी फुगली आहे.’ माझ्या मते पाच गुणांतले दोन रीतीला, एक आकडेमोडीला आणि दोन अर्थाला ठेवावेत. म्हणजे दुसऱ्याला चार मिळतील, पहिल्याला एक. आकडेमोड यंत्रही करतं. अर्थ माणसालाच लावावा लागतो.

हे सारं वर्गापुरतंच आहे असं समजू नका. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पिकांचा अंदाज घेण्याच्या शास्त्रीय पद्धतीवर मोठं काम केलं. शेत डोळ्यांना बरं दिसतं म्हणून निवडायचं नाही. चिठ्ठी टाकावी तसं निवडायचं, आणि तिथलं पीक कापून, वजन करून मोजायचं, हे त्या पद्धतीचं सार. 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही नुकसान ठरवायला पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला गेला. बांधावर न जाता कुणी आकडा भरला, तर त्या कागदावरच्या म्हशी कुणाच्या तरी घरची भाकरी खातात.

तेव्हा पालकहो, मुलगा वही घेऊन तुमच्या दारी आला तर त्याला खरी माहिती द्या. द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि शिक्षकहो, वहीत प्रामाणिकपणे सोडलेली कोरी जागा दिसली, तर लाल शाई उचलण्याआधी क्षणभर थांबा. त्या जागेलाही गुण असतात.