घोरणं थांबतं तेव्हा



काल मुक्कामाच्या हॉलमध्ये जो वाद्यवृंद चालला, त्यावर सकाळपासून पुष्कळ हसून झालं. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर; मला आवाजापेक्षा मधल्या शांततेची काळजी वाटते.

नाकाला हाडांचा आधार असतो, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा. मधला घसा मात्र केवळ स्नायूंच्या जोरावर उघडा राहतो. झोपेत स्नायू सैलावतात, उताणं झोपलं की जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की घोरणं. पूर्ण मिटली की शांतता. छाती-पोट हलतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो, आणि माणूस मोठा श्वास ओढून पुन्हा घोरू लागतो. हाच स्लीप ॲप्निया. श्वास १० सेकंद किंवा जास्त अडणं तासाला ३० वेळा झालं, तर आजार तीव्र समजतात. झोपणाऱ्याला पत्ताच नसतो! म्हणून मी आधी वहिनींना विचारतो. मैत्रिणींनो, हसू नका. रजोनिवृत्तीनंतर तुमचाही धोका वाढतो.

औषधं घेऊनही रक्तदाब उतरत नाही, गाडी चालवताना डुलकी लागते, त्यांनी झोपेची तपासणी करून घ्याच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेला, नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय आजही उत्तम आहे. मास्कची सवय व्हायला वेळ लागतो, हे खरं. आणि ‘एक पेग घेतला की छान झोप लागते’ म्हणणाऱ्यांनो, दारूने घसा आणखी सैल पडतो.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना एक विनंती. तोंडाने श्वास घेणारं, वर्गात पेंगणारं मूल आळशीच असेल असं नाही. टॉन्सिल वाढलेले असू शकतात. त्याला बाहेर उभं करण्याआधी आईला विचारा, हा रात्री घोरतो का?