गुंतवणूकदार व्हिसा आणि वऱ्हाडातील उद्योजक (अध्यक्षीय भाषण, फुलसावंगी)

गुंतवणूकदार व्हिसा म्हणजे भांडवलाच्या मोबदल्यात परक्या देशात राहण्याचा परवाना. नोकरदाराचा व्हिसा मालकाच्या पत्रावर चालतो. गुंतवणूकदाराचा व्हिसा त्याचा पैसा, त्यातून उभा राहणारा धंदा आणि त्या धंद्यातून मिळणारा रोजगार यांवर ठरतो. त्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात ठरावीक रक्कम गुंतवावी लागते. दुसऱ्यात उद्योजकाची कल्पना पारखली जाते, परंतु तिलाही मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा गुंतवणूकदाराचे पाठबळ लागते. पण याच फुलसावंगीत पत्राकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या एका तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बांधले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चाचणीतच त्याचा मृत्यू झाला. हात आणि डोके एवढेच ज्याचे भांडवल, अशा कारागिरासाठी या दोन्ही प्रकारांत रकाना नाही.

परके भांडवल वऱ्हाडाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात येथील कापसासाठी स्वित्झर्लंडची फोल्कार्ट ब्रदर्स आणि रॅली ब्रदर्स या पेढ्या आल्या. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली आणि गाठी थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वेही किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या भांडवलातून उभी राहिली. या मंडळींना आजच्या अर्थाने व्हिसा लागला नव्हता. पासपोर्टाचा कायदा १९२० मध्ये आला, परदेशी नागरिकांचा कायदा १९४६ मध्ये. हे आणि असे जुने कायदे रद्द करून केलेला ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ हा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

भारतात येणाऱ्या परदेशी उद्योजकाला सामान्यतः बिझनेस व्हिसा मिळतो. मोठ्या गुंतवणूकदारासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये कायम निवासाची योजना मंजूर केली. अठरा महिन्यांत १० कोटी किंवा छत्तीस महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवायचे आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार द्यायचा, ही तिची अट. मुदत दहा वर्षांची असून ती आणखी दहा वर्षे वाढवता येते. म्हणजे पैसा आणि रोजगार यांची सांगड भारतानेही घातली आहे.

जगात या व्हिसाची लाट आली तशी ओसरलीही. कॅनडाने १९८६ मध्ये सुरू केलेली केंद्रीय गुंतवणूकदार योजना २०१४ मध्ये बंद केली. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांचा मार्ग तडकाफडकी बंद केला. आयर्लंडने २०२३ मध्ये तेच केले. पोर्तुगालने त्याच वर्षी घरखरेदीचा पर्याय काढून टाकला आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ‘गोल्डन व्हिसा’ संपवला. कारणे बहुतेक ठिकाणी सारखीच होती. घरांच्या किमती वाढल्या, काळ्या पैशाची शंका आली आणि स्थानिकांच्या हाती फारसा रोजगार पडला नाही. संयुक्त अरब अमिरातीने मात्र उलट वाट धरली. तेथे २० लाख दिरहमांच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा निवास मिळतो.

मराठी कुटुंबांत सर्वाधिक चर्चा होते ती अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसाची. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. वर्षाला सुमारे दहा हजार व्हिसा, प्रत्येक गुंतवणुकीमागे दहा पूर्णवेळ नोकऱ्या, आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड आणि अटी पूर्ण झाल्यावर कायमचे, अशी त्याची रचना आहे. ग्रामीण किंवा बेरोजगारीग्रस्त भागातील प्रकल्पासाठी रक्कम आधी ५ लाख डॉलर होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ९ लाख झाली. २२ जून २०२१ रोजी न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि जुना दर परत आला. पण ३० जूनला अनेकांची गुंतवणूक एकत्र करणाऱ्या ‘रीजनल सेंटर’ योजनेची मुदतच संपली. ज्यांची फाइल तयार होती त्यांनाच त्या आठवड्यात या योजनेतून जुन्या दराने अर्ज करता आला.

मार्च २०२२ च्या सुधारणा कायद्याने योजना पुन्हा सुरू झाली. आता रक्कम ८ लाख डॉलर, इतर भागांत साडेदहा लाख. ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के व्हिसा राखीव आहेत. योजनेची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत असली, तरी ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांनाच पुढील संरक्षणाची हमी आहे. जानेवारी २०२७ पासून महागाईनुसार रक्कम वाढवण्याची तरतूदही कायद्यातच आहे. अमेरिकेत आधीच शिकणाऱ्या किंवा एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या मुलांना, व्हिसा क्रमांक उपलब्ध असल्यास, तेथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज सोबत करता येतो. भारतीयांची ओढ मुख्यतः यामुळे वाढली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि त्याच दिवशी दहा लाख डॉलरच्या मोबदल्यात निवास देणाऱ्या ‘गोल्ड कार्ड’चा आदेश निघाला. त्यानंतर या चर्चेला आणखी जोर आला. ई-२ हा तुलनेने स्वस्त उद्योजक व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत-अमेरिका यांच्यात नाही. तिसऱ्या देशाचे नागरिकत्व विकत घेऊन तो मिळवण्याच्या वाटेवर २०२२ च्या अखेरीस तीन वर्षांच्या वास्तव्याची अट आली. शिवाय परके नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व जाते.

आता पैसा पाठवण्याचा प्रश्न. डॉलर ८८ रुपये धरला, तर ८ लाख डॉलर म्हणजे सात कोटींच्या वर रक्कम होते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. घरातल्या चौघांची मर्यादा गुंतवणुकीसाठी एकत्र करायची तर ते चौघे त्या गुंतवणुकीत किंवा परदेशी खात्यात सहमालक असावे लागतात. वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर वसूल करते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर सव्वा कोटीच्या वर रक्कम अडकून पडते.

खरी अडचण पैशाच्या उगमाची आहे. ईबी-५ मध्ये प्रत्येक डॉलर कायदेशीर मार्गाने आला हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. फुलसावंगी परिसरातील कापूस, सोयाबीन, हळदीचा शेतकरी पाहा. शेती उत्पन्न करमुक्त, म्हणून कित्येक घरांत विवरणपत्रच नाही. कापूस जिनिंगवर दिला, काटापट्टी खिशात विरली. भावांत वाटणी तोंडी झाली, सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव तसेच आहे, फेरफार व्हायचा आहे. जमीन विकली तर खरेदीखतावर रेडीरेकनरची किंमत आणि उरलेली रक्कम रोख, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. ती रोख रक्कम व्हिसाच्या फाइलमध्ये उभी राहू शकत नाही. परदेशी वकील इसारपावती, खरेदीखत, बँकेतील जमा आणि भांडवली लाभावरील कर या चारही गोष्टींचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहतो. एका ठिकाणी ताळमेळ बसला नाही की फाइल तेथेच थांबते.

मुळात हा मार्ग शेतकऱ्याच्या आवाक्यात किती, तेही मोजून पाहावे. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची कमाल धारणा सामान्यतः ५४ एकर आहे. एकरी दहा लाखांचा भाव धरला आणि सगळी जमीन विकली तरी हाती ५ कोटी ४० लाख येतात. ते सात कोटींना पुरत नाहीत, आणि अनिवासी भारतीय झालेल्या मुलाला गावात पुन्हा शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तरच ती त्याच्या नावावर चढते.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. गुंतवणूकदार व्हिसा ही जोखमीची गुंतवणूक आहे. प्रकल्प बुडाला तर पैसा जातो, नोकऱ्या उभ्या राहिल्या नाहीत तर ग्रीन कार्डही हातचे जाते, आणि धोरण मध्येच बदलले तर कायद्याने संरक्षण दिलेले अर्जच टिकतात. म्हणून व्हिसासाठी वडिलोपार्जित जमीन विकू नये. ज्यांच्याकडे धंद्यातून आलेला, कर भरलेला पैसा आहे त्यांनीच या वाटेला जावे. आणि ज्यांना कधीच परदेशी जायचे नाही त्यांनीही वाटणीपत्र नोंदवावे, फेरफार करून घ्यावा, बाजार समितीच्या पट्ट्या जपाव्यात आणि विवरणपत्र भरावे. बँकेचे कर्ज, पीक विमा आणि मुलाचे शिक्षण या कामांनाही हेच कागद लागतात. येथे जमलेल्या करसल्लागारांनी आणि वकिलांनी ही कागदपत्रे गावोगाव नीट करून द्यावीत, एवढेच या परिषदेचे मागणे आहे.