माशीने साधलेला मासा

पावसाळ्याच्या आरंभीच्या सरी कोसळून गेल्या की मच्छे, खानापूरच्या बाजूला संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते. त्यांतले काही किडे ओढ्याच्या डोहावर पडतात आणि पाण्यावर एकामागून एक वर्तुळे उमटू लागतात. खालून मासे वर येऊन त्यांना टिपीत असतात. गळाला गांडूळ लावून बसलेल्या पोराची काठी मात्र त्या घटकेला हलत नाही. माशांचे लक्ष तळाकडे नसते, वर असते. ‘कोरड्या माशी’ने ट्राउट धरण्याची सारी विद्या या दृश्यात सामावलेली आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाण्याचे उष्णतामान 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की तो अस्वस्थ होतो. पंचविशीच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. म्हणून मलप्रभेत वा मार्कंडेय नदीत तो नांदत नाही. भारतात तो मूळचा नव्हेच. 1899 साली विलायतेहून काश्मीरला धाडलेली अंडी वाटेतच नासली. 1900 साली आलेली तगली. पुढे निलगिरीच्या उंच ओढ्यांतही त्याची एक जात रुजली.

कृत्रिम माशी म्हणजे गळावर रेशमी दोऱ्याने बांधलेली पिसे व लोकर. बुडते ती ओली, तरंगते ती कोरडी. कोरडीला कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळतात, कारण कोंबडीचे पीस मऊ असून पाणी पिते, तर कोंबड्याचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर तोलून राहतात. इंग्लंडमधील फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला आणि या छंदाला शास्त्राची बैठक दिली.

माशी निवडायची तर पेटी उघडण्याआधी नदी पाहावी. पाण्यावरील किड्याचे पंख शिडासारखे उभे असतील तर तो मेफ्लाय, घराच्या छपरासारखे उतरते असतील तर कॅडिस, पाठीवर सपाट मिटलेले असतील तर स्टोनफ्लाय. पेटीतील माशी प्रथम लहानमोठेपणात त्याच्याशी जुळावी, नंतर घाटात, आणि रंगात सर्वांत शेवटी. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान: 12 पेक्षा 18 क्रमांकाचा गळ बारीक, हे नवशिक्याने ध्यानी ठेवावे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून शिकाऱ्याने त्याच्या मागून, खालच्या अंगाने जावे आणि माशी त्याच्या थोडी वर, हलकेच उतरवावी. दोरी ताणलेली असली की प्रवाह तिला ओढतो, आणि तिच्यामागे माशीही पाण्यावर रेघ काढीत फरफटते. खरा किडा असा कधी चालत नाही. मासा तेवढ्यावरूनच कपट ओळखतो. यास्तव दोरी किंचित सैल पडू द्यावी. भिजलेली माशी हवेत दोनचार हेलकावे देऊन वाळवावी. माशाने ती घेतली की हिसका न देता काठी उचलावी. सोडून द्यायचा मासा असेल तर गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकावा आणि ओल्या हातानेच मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

पण या विद्येचे मूळ पेटीत नाही, पाण्यात आहे. मेफ्लाय पंख फुटल्यावर काही खात नाही आणि फार तर दोनतीन दिवस जगतो. त्याचे बाकीचे सारे आयुष्य नदीतल्या दगडांखाली जाते. मैला वा कारखान्यांचे सांडपाणी नदीत आले की बहुधा हेच किडे प्रथम नाहीसे होतात. ते गेले की त्यांवर जगणारे मासेही ओसरतात, मग ते काश्मीरचे ट्राउट असोत वा मलप्रभेचे खवले मासे. मच्छ्याच्या शाळकरी मुलाला काश्मीर कदाचित दिसणार नाही. गावच्या ओढ्यातला एक दगड उलटून पाहणे मात्र त्याच्या हाती आहे. त्याखाली सहा पायांचा, शेपटीला तीन केस असलेला लहानसा जीव वळवळताना दिसला, तर ते पाणी अद्याप जिवंत आहे असे समजावे. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा.