कुलपाचं चित्र

आज बोलायचंय चित्रांविषयी, आणि तेही रेडिओवर. म्हणजे चित्रं तुमची तुम्हालाच काढावी लागणार. सुरुवात चोरापासून करू. खात्यातले पैसे ऑनलाइन पळवणारा माणूस दिसायला कसा असेल, जरा डोळ्यांसमोर आणा.

काळं टोपीवालं जॅकेट, चेहऱ्याच्या जागी अंधार, मागे हिरवे आकडे पावसासारखे गळताहेत. असंच ना? गोष्टीच्या पुस्तकातला चोर आडव्या पट्ट्यांचा बनियन घालूनच यायचा, त्याचा हा नातू. खरा फसवणारा मात्र अदबीनं फोन करतो, ‘काका, तुमचं केवायसी आज संपतंय’ म्हणतो. कधी व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशात बसलेला असतो. जॅकेटवाल्याची वाट बघत बसलेल्या माणसाला हा ओळखूच येत नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूलेट फाउंडेशननं ओपनआयडिओ या संस्थेबरोबर एक स्पर्धा घेतली होती, सायबर सुरक्षेची नवी चित्रं काढण्याची. निवडलेली चित्रं मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली केली. तरी बातम्यांमध्ये अजून जॅकेटच दिसतं. त्याची सवय सुटत नाही.

पण जॅकेटपेक्षा जास्त घोटाळा केला तो एका छोट्याशा कुलपानं. ब्राउझरमध्ये वर, पत्त्याच्या शेजारी दिसायचं ना, तेच. नेटस्केपच्या सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये तिथं किल्ली असायची, आणि जोडणी सुरक्षित नसेल तर ती तुटलेली दिसायची. पुढे कुलूप आलं आणि रुळलं. त्याचा अर्थ एवढाच, की तुमचा मजकूर बंद पाकिटातून चाललाय, वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पाकीट ज्याच्या हातात पडणार तो माणूस सरळ आहे की लबाड, याबद्दल ते कुलूप एक अक्षरही बोलत नाही. आणि खोटं संकेतस्थळ काढणाऱ्यालाही ते मिळतं, तेही आता फुकट.

माझ्या मावशीला वीजबिलाचा मेसेज आला. तिनं लिंक उघडली, कार्डाचा नंबर भरला. नंतर रडवेली होऊन म्हणाली, ‘अरे, कुलूप होतं की तिथं!’ कार्ड वेळेत बंद झालं, पैसे वाचले. पण तिचं चुकलं काय? घराला कुलूप दिसलं की घर सुरक्षित, हेच तर आपण आयुष्यभर शिकलो. चित्र काढणाऱ्यांनी पाकिटाची गोष्ट सांगायला दाराची वस्तू निवडली.

हे एकट्या मावशीचं नव्हतं. गूगलनं 2021 मध्ये लोकांना विचारून पाहिलं, तर कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्क्यांना सांगता आला. मग सप्टेंबर 2023 मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरनं ते काढूनच टाकलं. त्या जागी आता दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांवर सरकणारी बटणं दिसतात. माझ्यासमोर काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक ज्या पट्ट्या खालीवर करताहेत, साधारण तशाच. त्यांचा अर्थ, ‘इथं दाबा, या संकेतस्थळाला काय काय परवानगी दिलीय ते बघा.’ आश्वासन काहीच नाही. जोडणी असुरक्षित असेल तर मात्र 2018 पासून क्रोम तसं शब्दांत लिहितो. मला हे पटतं. सगळं ठीक असताना शाबासकीचा शिक्का हवाच कशाला?

फोनच्या वरच्या कडेला कधी बारीकसा ठिपका उजळतो, तो पाहिलाय? आयफोनवर 2020 पासून आणि अँड्रॉइडवर 2021 पासून तो आला. कॅमेरा किंवा माइक चालू असेपर्यंत दिसतो, बंद झाला की जातो. कुणाशी बोलत नसताना तो दिसला, तर कुठलं अ‍ॅप ऐकतंय ते तपासा. एक ठिपका, एकच गोष्ट, आणि घडत असतानाच सांगितलेली.

भाजीवाल्याकडच्या क्यूआर कोडचं उलटं आहे. तो चौकोन यंत्रासाठी आहे. त्यावर दुसरा चिकटवला तरी आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते वाचायचं. यूपीआयवर ‘पैसे मागण्याची’ विनंती ‘पैसे येण्याची’ आहे असं भासवूनही कितीतरी जणांना लुबाडलं. तिथं कुणी नवं चित्र काढत बसलं नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीनं व्यक्तीकडे असं मागण्याची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं बंद केली.

मावशीनं मात्र स्वतःचं चित्र काढलंय. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पैशांचे दोन बाण: एक घरात येणारा, एक बाहेर जाणारा. बाहेर जाणाऱ्या बाणाशेजारी लाल पेनानं ‘पिन’ लिहिलंय, आत येणाऱ्यापाशी काहीच नाही. खाली फसवणूक कळवण्याचा 1930 हा नंबर. पान फ्रिजवर लावलंय, कारण तिचा फोन तिथंच चार्जिंगला असतो.