घावन उलटताना

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. पण पंधरा दिवसांपूर्वी आपल्या एका बाईंचा फोन आला. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. म्हणाल्या, “मुलं-सुना चांगली आहेत गं, पण मला गॅसजवळ फिरकू देत नाहीत. तू कसं करतेस?” त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आज त्या प्रश्नाचं उत्तर देते. संधींचं जेवताना विचारा.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, गॅदरिंग संपल्यावर अंधारात मला पायऱ्या दिसायच्या नाहीत आणि तुम्ही हात धरून एसटी स्टँडपर्यंत न्यायचात. मला वेंधळी म्हणायचात, मीही हसायचे. तो रेटिनायटिस पिग्मेंटोसा होता. त्यात आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचं दिसणं कमी होत जातं. पुण्यात इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आणि पस्तिशीनंतर वाचण्यापुरतीही नजर उरली नाही. नोकरी मात्र टिकली, कारण संगणक बोलतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने लिहायला घेतला. मी माझा कोड त्याच्याकडून ऐकते.

घरात मात्र माझ्या हातातलं उलथणं गेलं. प्रेमानेच गेलं. पावणेदोन वर्षं मी साधा चहाही केला नाही. महिन्याचा पगार आणायचा आणि चहासाठी कुणाची तरी वाट बघत बसायचं, हे फार जड जातं.

मग आजी आठवली. ती मढे घाटाखालची, महाडकडची. वर वेल्ह्यात सून म्हणून आली, ती घावन घेऊनच. पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे. घरातली चिमणी ती मला अभ्यासाला द्यायची आणि स्वतः पहाटे अंधारात घावनं करायची. मी विचारलं, “तुला दिसतं कसं?” म्हणाली, “बघायचंय काय त्यात? तवा सांगतो की!”

तर बाई, आता कृती सांगते.

तवा दांडीचा घ्या आणि दांडी रोज एकाच बाजूला ठेवा. पदर खोचून घ्या. तवा शेगडीच्या मधोमध बसलाय ना, हे गॅस पेटवण्याआधी, तो थंड असतानाच हाताने चाचपा. पीठ, तेल, उलथणं, ताट यांच्या जागा ठरवा. घरच्यांनी त्या हलवायच्या नाहीत, एवढी एकच अट.

इंद्रायणीचं पीठ ताकाइतकं पातळ कालवून मीठ घाला. पीठ खाली बसतं, म्हणून दर वेळी तळापासून ढवळा. तव्यावर पाणी शिंपडा. नुसतं फसफसलं तर थांबा, चर्र होऊन उडालं की तवा तापला. अर्धा कांदा काट्याला टोचून त्याने तेल फिरवा. वाटीने कडेकडून मध्याकडे पीठ सोडा आणि झाकण ठेवा.

आता ऐकायचं. आधी मोठी चरचर असते. पाणी आटत गेलं की ती बारीक होते आणि तांदळाचा खमंग वास येतो. झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूने उचला, नाहीतर वाफ तोंडावर येते. उलथणं कडेने फिरवा. मग दांडी धरून तवा हलकेच हलवा. घावन अख्खं सरकलं तर झालं. चिकटलं असेल तर घाई नको, अजून थोडं थांबा.

उलटताना गॅस बंद करा. एक उलथणं खाली मधोमध सारा, दुसरं वरून टेकवा. घावन दोघांमध्ये धरून मनगट वळवा. उंच उडवायचं नाही. तव्यालगतच फिरवायचं. मग पुन्हा गॅस लावून दुसरी बाजू शेका.

माझी बोटं दोनदा भाजली. डोळसपणी यापेक्षा जास्त वेळा भाजली होती, तेव्हा कुणी उलथणं काढून घेतलं नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेतली ‘मास्टरशेफ’ स्पर्धा क्रिस्टीन हा या अंध स्त्रीने जिंकली. आपल्याला स्पर्धा नको, आपल्या हातचा नाश्ता पुरे.

मित्रांनो, तुमच्याही घरी आता आई-वडील थकलेत. त्यांनी मागितली तर मदत करा, हातातलं ओढून घेऊ नका. आणि स्वतःचे डोळे तपासून घ्या. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासा.

बाई, तुम्ही आम्हाला प्रयोग करायला लावायचात आणि काचेची नळी फुटली तरी ओरडायचा नाहीत. उद्या सकाळी मी भोरलाच आहे. माझा तवा घेऊन येते. पहिलं घावन तुटेल, ते मी खाईन. दुसरं सूनबाईंना वाढा.