महापालिका आणि निसर्गाची निगा

निसर्गाचे रक्षण म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे दूरची अरण्ये आणि दिल्लीचे कायदेमंडळ उभे राहते. परंतु घरातले खरकटे कोठे जाते, नळाचे पाणी कोठून येते आणि मोरीचे पाणी कोणत्या नदीला मिळते, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे दिल्लीत नाहीत. ती गावच्याच महापालिकेत आहेत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांसाठी जे 18 विषय नमूद केले, त्यांत पाणीपुरवठा आणि घनकचरा यांच्या जोडीला पर्यावरणाचे रक्षणही आहे.

हे कर्तव्य कसे पार पाडावे, याचा एक धडा इंदूरने घालून दिला. 2016 च्या सुमारास तेथे मोजक्या प्रभागांत घरोघरचा कचरा नेण्यास प्रारंभ झाला आणि पुढे तो क्रम सर्व 85 प्रभागांत पोहोचला. रस्त्यांवरच्या कुंड्या हळूहळू नाहीशा झाल्या. ओला व सुका कचरा वेगळा ठेवा, असे कायदा सांगू शकतो. परंतु रोज सकाळी स्वयंपाकघरात तो निवडणारा हात केवळ दंडाच्या भीतीने चालत नाही. गाडी ठरल्या वेळी येते आणि आपण निवडलेला कचरा पुन्हा एकत्र होत नाही, असा विश्वास बसला म्हणजेच तो हात चालू लागतो. हा विश्वास पहाटेपासून राबणारे सफाई कामगार निर्माण करतात.

या एका सवयीतून पुढचे सारे शक्य होते. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन वायू सुटतो आणि वातावरण तापवतो. तोच बंद टाकीत कुजविला तर इंधन होते. देवगुराडिया येथील कचऱ्याचे जुने डोंगर उपसून तेथील जमीन मोकळी करण्यात आली. 2022 च्या फेब्रुवारीत त्याच परिसरात दिवसाला 550 टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचा वायुप्रकल्प सुरू झाला. पाण्याचीही अशीच कथा आहे. नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरील जलूदहून चढ चढवून आणावे लागते आणि त्यासाठी अपार वीज खर्च होते. ती वीज सूर्यापासून मिळावी म्हणून महापालिकेने 2023 साली हरित कर्जरोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले. निसर्गाचे काम हे हिशेबाचेही काम आहे, हे त्यावरून दिसते.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे. स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या त्याच शहरात, 2025 च्या डिसेंबरअखेर, भागीरथपुरा वस्तीतील पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. रस्ता डोळ्यांना दिसतो, त्याला पारितोषिक मिळते. जमिनीखालची नळवाट दिसत नाही, तिला कोणी गुण देत नाही. म्हणून वर झाडलेल्या रस्त्याइतकीच खालच्या नळाची निगा ठेवणे, हीच नगरसंस्थेची खरी कसोटी होय.

त्यासाठी फार मोठ्या शोधाची गरज नाही. जुन्या नळवाहिन्या गटारांपासून दूर न्याव्यात, प्रत्येक प्रभागातील पाण्याची तपासणी ठराविक दिवशी होऊन तिचा निष्कर्ष चौकात लागावा, आणि गढूळ पाण्याची तक्रार आली तर त्याच दिवशी माणूस पोहोचावा. तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी घटनेने प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. त्या कागदावर न राहता भरत राहिल्या, तर गल्लीतला आवाज वेळेवर वर पोहोचेल.

बेळगाव असो, बडोदा असो वा ग्वाल्हेर, नागरिकाने कचरा निवडून आपला अर्धा वाटा उचलला, तर उरलेला अर्धा मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. नळाखाली धरलेला पेला निःशंक मनाने ओठांना लावता आला, म्हणजेच त्या शहराने निसर्गाशी आणि माणसाशी इमान राखले असे म्हणता येईल.